फळा पुसणारी मेंबर

सारिका उतेकरला ग्रामपंचायतीत आणलं काशीरामनानांनी, आणि पुढे तिच्यापायी सगळ्यात जास्त ताप झाला तोही त्यांनाच.

पोलादपूरहून घाटाकडे चढणारा रस्ता सोडून आत वळलं की पळसकोंड लागतं. वाडीतले बहुतेक पुरुष मुंबईत. मागे राहिलेल्या बाया, म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. नाना स्वतः गोदीत नोकरी करून निवृत्त झालेले. गावच्या मुंबई मंडळाला हाताशी धरून त्यांनी खालच्या अंगाला हायस्कूल उभं केलं होतं, डोक्यावर पत्रे वाहून. शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष तेच आणि पंचायतीचं पॅनल ठरवणारेही तेच. बाईची राखीव जागा आली तेव्हा ते म्हणाले, "सुनीलची बायको बरी. वर तोंड करून बोलत नाय."

सुनील कांदिवलीला एका कॅन्टीनमध्ये होता. त्यानं फोनवर हो म्हटलं आणि सारिका मेंबर झाली.

ती बोलत नव्हती हे खरं, पण कान उघडे ठेवून बसायची. पहिल्या वर्षी तिनं फक्त एकदा तोंड उघडलं. पाण्याची नवी टाकी खालच्या आवाठातच का, आमच्या वरच्या वस्तीला का नाय, एवढंच विचारलं. समोरच्या पॅनलचा एक जण हसून म्हणाला, "नववीतनं घरी बसलेली बाई आता आम्हाला इंजिनिअरिंग शिकवणार." सभा हसली. नानाही हसले. सारिका खाली बसली, पण तो हसण्याचा आवाज तिनं घरापर्यंत सोबत नेला.

नववीतनं ती आपणहून बसली नव्हती. तेव्हा हायस्कूल लांब होतं, वाट रानातली, आणि बापानं एक दिवस दप्तर माळ्यावर टाकलं. कारण विचारायची पद्धत नव्हती.

मेंबरकीच्या चौथ्या वर्षी तिची मुलगी सलोनी दहावीला गेली. शाळेत मराठी शिकवायला दीक्षा गायकवाड नावाच्या मॅडम होत्या, रोज महाडहून एसटीनं यायच्या. पालकसभेनंतर सारिका त्यांच्याजवळ रेंगाळली. आपल्यालाही दहावीला बसायचंय, असं तिनं हळूच सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "सतरा नंबरचा फॉर्म भरा. बाहेरून बसता येतं. वय आड येत नाही."

"लोक हसतील."

"हसू देत. आमच्या महाडला तळ्यावर पाणी प्यायला गेलेल्या माणसांना लोक हसले नव्हते, काठ्या घेऊन धावले होते. त्या मानानं हसणं स्वस्त आहे."

सलोनीनं मात्र दोन दिवस अबोला धरला. "आई, सगळ्यांच्या आया डबा घेऊन येतात आणि तू माझ्याच वर्गात पॅड घेऊन बसणार?" पण नंतर तीच आईला इंग्रजीची स्पेलिंगं विचारू लागली. भाकऱ्या थापताना सारिका इतिहास पाठ करायची, गवत कापताना कविता म्हणायची. अडलं ते गणितावर. आणि सलोनीकडे विचारायला गेली तर तिलाही काही सांगता येईना.

"अगो, शाळेत शिकवतात ना?"

"कोण शिकवतो? गणिताचे सर रिटायर झाले त्याला दोन वर्षं झाली. पीटीचे सर येतात आणि गाईडमधली गणितं फळ्यावर उतरवायला लावतात."

"मग शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो कसा?"

सलोनी गप्प बसली. ते गप्प बसणं सारिकाला तेव्हा कळलं नाही.

परीक्षेचं केंद्र त्याच शाळेत होतं. आई आणि लेक वेगवेगळ्या खोल्यांत बसल्या, आडनाव एकच असलं तरी बाहेरून बसणाऱ्यांचे नंबर शेवटी. मराठीचा पेपर सुरळीत गेला. इंग्रजीच्या पेपरला पर्यवेक्षक बाकांमधून फिरता फिरता काहीतरी पुटपुटत होते आणि पोरं भराभर लिहीत होती. सारिकाला वाटलं, एखाद्या कच्च्या पोराला सांगत असतील. तिनं मान खाली घातली आणि आपलं लिहिलं.

बीजगणिताच्या दिवशी आडपडदाच राहिला नाही. पेपर सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल. कुणाचा तरी मोबाइल वाजला, बाहेरून कुणीतरी सांगितलं की भरारी पथकाची गाडी पोलादपूरहून परत फिरली, आणि पीटीचे सर खोलीत आले. त्यांनी दार लोटून घेतलं, खडू उचलला आणि पहिल्या प्रश्नापासून उत्तरं फळ्यावर लिहायला घेतली. पोरांच्या माना एकदम वर झाल्या. घाई नाही, भीती नाही. दरवर्षीचीच रीत असल्यासारखी सगळी लिहू लागली.

सारिकाच्या पुढच्या बाकावर वाडीतल्या ठमाबाईची नात सोनाली होती. पोर जीव तोडून लिहीत होती. सारिकाची स्वतःची अर्धी उत्तरपत्रिका कोरी होती. तिनंही फळ्याकडे पाहिलं. एक उत्तर तिनं काढलेल्या उत्तराशी जुळत होतं, त्याचा तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच तिला शिसारी आली. आता माझं कुठलं आणि ह्यांचं कुठलं, हे कोण ओळखणार?

ती उभी राहिली.

"सर, फळा पुसा."

सरांना आधी कळलंच नाही. "काय झालं बाई? दिसत नाय का मागनं?"

"दिसतंय. म्हणूनच सांगतेय. पुसा."

"बसा खाली. तुमच्याच फायद्याचं हाय. मेंबर नापास झाल्या तर बरं दिसल काय?"

पोरं फिदीफिदी हसली. सारिका बाकातनं बाहेर आली. ती फळ्यापाशी गेली. डस्टर सरांच्या हाताखाली होतं, ते काही देईनात. तेव्हा तिनं पदराचं टोक मुठीत घेतलं आणि वरपासून खालपर्यंत फळा पुसून काढला. खडूचा धुरळा तिच्या तोंडावर आला. मागून सोनाली ओरडली, "काकी, माझं राहिलंय!"

सर म्हणाले, "मी तुम्हाला बाहेर काढू शकतो."

"काढा. बाहेर गेल्यावर लोकांनी विचारलं का काढलं, तर मी सांगीन."

सरांनी तिला काढलं नाही. ते निघून गेले आणि पेपर संपेपर्यंत त्या खोलीत कुणी आलं नाही. सारिका जागेवर येऊन बसली, पण लक्ष पुन्हा कागदावर लागेना, पुढची दोन गणितं येत असूनही तिच्याकडून सुटली नाहीत.

दिवस मावळायच्या आत वाडीत सगळं पसरलं. देवळासमोरच्या सहाणेवर, पालखी टेकवायच्या दगडी चौथऱ्यावर, माणसं जमली. नाना मधोमध बसले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचंच सारिकाला जास्त वाटलं.

"सूनबाई, ही शाळा मी कशी बांधली ते तुला माहीत हाय. निकाल खाली गेला की पालक पोरं काढून महाडला टाकतील. पट कमी झाला की शाळा बंद. पोरगे जातील कुठंही, पण ह्या वाडीतल्या पोरींना कोण पाठवतोय महाडला? तुझ्यासारख्या नववीतनं घरी बसतील. मला सांग, ह्यात पाप कुठलं आणि पुण्य कुठलं?"

सारिकाला माळ्यावरचं दप्तर आठवलं. नाना खोटं बोलत नव्हते.

मग ठमाबाई उठली. वय झालेली, पण बोलण्यात धार. "शहरातल्या पोरांना क्लास असतात, घरी मास्तर येतात. आमच्या पोरांना काय, तर गणिताला मास्तर पण नाय. त्यांनी दोन उत्तरं बघून लिवली तर तुझ्या पोटात का दुखलं गो? आणि तुझी सलोनी? ती बसलीवती पलीकडच्या खोलीत. तिकडं सगळं लिवून दिलं. तुझ्या लेकीचं झालं, माझ्या नातीचं तू पुसलंस."

हे सारिकाला माहीत नव्हतं. तिनं वळून पाहिलं. सलोनी देवळाच्या खांबाला टेकून उभी होती.

"लिहिलंस तू?"

सलोनी नखानं खांब कोरत राहिली. मग म्हणाली, "सगळ्यांनीच लिहिलं."

माणसं हसली नाहीत. वाट बघत राहिली. सारिकाला आठवतं की त्या क्षणी तिला मागे फिरावंसं वाटलं होतं. माफी मागून घरी जाणं सोपं होतं. पण ठमाबाईच्या बोलण्यातलंच एक वाक्य तिच्या हाताला लागलं आणि तिनं ते सोडलं नाही.

"ठमाकाकू, तुमचं खरं हाय. माझ्या लेकीचा फायदा झाला आणि तुमच्या नातीचा नाय झाला. कुठं कळवायचं असंल तर सलोनीचं नाव पयलं टाका, मी आडवी येणार नाय." सलोनी तिथून धावत निघाली. सारिका थांबली नाही. "पण गणिताचा मास्तर नाय, हे तुम्ही आत्ता बोललात. दोन वर्षांत ह्या सहाणेवर कोण बोललं? नाना बोलले? मी मेंबर, मी बोलले? का नाय बोललो? कारण निकाल शंभर टक्के. ज्या शाळेत सगळी पोरं गणितात पास, तिथं मास्तर कोण कशाला पाठवील? ती उत्तरं आपल्या पोरांना दिलेली मदत नाय, आपलं तोंड बंद ठेवायला दिलेला खाऊ हाय."

"मुंबई मंडळाची माफी माग आणि विषय मिटव," नाना म्हणाले.

"फळा पुसला त्याची माफी नाय मागणार."

"मग मेंबरकीचा राजीनामा दे. आणि गावाला तुझ्याशी कसं वागायचं ते गाव ठरवील."

"राजीनामा नाय. परवा भूमितीचा पेपर पण देणार. आणि वाळीत टाकायची भाषा असंल तर नाना, त्याला आता कायदा हाय. तुम्ही सरपंचांना विचारा, त्यांनीच आम्हा मेंबरांना तो वाचून दाखवला."

नाना उठून गेले.

भूमितीच्या पेपरला कुठल्याच खोलीत कुणी आलं नाही. बातमी बाहेर जाईल म्हणून मुख्याध्यापकांनी हात आखडला होता. पोरं बसून राहिली, काहींनी नुसत्या आकृत्या काढल्या. बाहेर पडताना एका बाईनं सारिकाच्या पायाजवळ थुंकलं. दीक्षा मॅडम फाटकाजवळ उभ्या होत्या. खोल्यांत चालतं त्यात मी नसेन, असं त्यांनी आधीच सांगितल्यामुळे त्यांना पाणी आणि हजेरीचं काम दिलं होतं. त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं मी नाही म्हटलं म्हणजे पुरे. तुम्ही तर पुसूनच टाकलंत."

घरात सलोनी आईशी बोलेना. मुंबईहून सुनीलचा फोन आला. मंडळाच्या सभेत त्याला उभं करून बायकोबद्दल विचारलं होतं. सारिका म्हणाली, "मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? म्हणालो, मेंबर ती हाय, तिलाच विचारा. माझ्याकडं कशाला येता." मग तो म्हणाला, "तू पण ना. कुणाला सांगून तरी करायचंस."

"सांगितलं असतं तर नको म्हणाला असतात."

"म्हणालो असतो," सुनीलनं कबूल केलं.

निकाल लागला. शाळेची इतक्या वर्षांची शंभर टक्क्यांची रांग तुटली. सारिका सगळ्या विषयांत पास आणि गणितात नापास. सोनालीही गणितात नापास. सलोनी चांगल्या गुणांनी पास झाली आणि महाडला अकरावी कॉमर्सला गेली. पेढे कुणी वाटले नाहीत.

चार दिवसांनी ठमाबाई दारात आली. पायरीवरच उभी राहिली. "सोनालीला स्थळ आलंय. बाप म्हणतो, नापास झाली, आता शिकून काय करायचंय, देऊन टाकू. हे तुझं काम."

सारिकाला मॅडमच्या शाबासकीपेक्षा हेच जास्त खरं वाटलं. फळा पुसायला एक क्षण लागला होता. त्याचं ओझं आता एका सतरा वर्षांच्या पोरीच्या पाठीवर होतं.

"काकू, जुलैला परत परीक्षा असते. तिला माझ्याबरोबर बसवा. तोवर स्थळाला थांबवा."

"आणि परत नापास झाली तर?"

"तर माझ्या दारात येऊन काय बोलायचं ते बोला. पण लग्न नापास झाली म्हणून लावायचं नाय. सोळा-सतराच्या पोरीचं लग्न लागलं तर मेंबर म्हणून मीच पहिली पोलिसात जाईन, हे तिच्या बापाला सांगा."

"धमकी देतेस मला?"

"तुम्हाला नाय. बापाला."

ठमाबाई म्हणाली, "त्याला मी सांगते. माझा लेक हाय तो, मलाच घाबरतो." आणि गेली.

दीक्षा मॅडमनी बिरवाडीचा एक मुलगा शोधला. दीपेश नाव, बीएस्सी झालेला, एका कारखान्यात पाळीवर काम करायचा आणि भाड्याच्या खोलीत सुट्टीच्या दिवशी पोरांना गणित शिकवायचा. रविवारी सकाळी सारिका आणि सोनाली खाली उतरायच्या, पोलादपूरला एसटी धरायच्या, महाडला बदलायच्या आणि बिरवाडीला पोचायच्या. पहिल्या रविवारी सोनाली खिडकीकडे तोंड करून बसली होती. दीपेशनं समीकरण मांडलं तेव्हा दोघींनाही एकाच जागी अडलं. सोनालीनं पेन टाकून विचारलं, "काकी, तुम्हाला येत नव्हतं तर तुम्ही पुसलं का?"

"येत नव्हतं म्हणून तर पुसलं. उतरवून पास झाले असते तर येत नाय हे कुणाला कळलं असतं?"

तिसऱ्या रविवारी निघताना सलोनी चपला घालून अंगणात उभी होती. महाडच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात टक्केवारी आणि व्याज आलं होतं आणि तिला काही उमगलं नव्हतं. शेजारची मुलगी म्हणाली होती, तुला तर गणितात एवढे मार्क आहेत. सलोनीनं हे आईला एसटीत सांगितलं, खाली बघत. सारिकानं डब्यातली अर्धी भाकरी तिला दिली. सहाणेवर सगळ्यांसमोर लेकीला विचारायला नको होतं, हे तिला तेव्हाही वाटत होतं, पण ते ओठावर आलं नाही.

जुलैची परीक्षा महाडला झाली. पाऊस धो धो, सावित्री भरून चाललेली, पूर येणार की काय म्हणून बाजारात दुकानदार माल वर चढवत होते. दोघी भिजून परीक्षेला बसल्या. तिथं कुणी काही सांगितलं नाही आणि कुणी काही विचारलंही नाही.

सोनाली पास झाली. सारिका पुन्हा नापास झाली, अगदी थोडक्यात.

वाडीत आता उघड हसू झालं. मेंबरपेक्षा पोरगी हुशार, असं लोक म्हणू लागले. सारिका म्हणाली, "मग बरंच झालं की."

ऑगस्टच्या ग्रामसभेत तिनं ठराव मांडला: हायस्कूलला गणिताचा शिक्षक मिळेपर्यंत पंचायतीनं दर महिन्याला वर पाठपुरावा करावा, तोवर कमिटीनं तासांवर माणूस नेमावा आणि परीक्षेला केंद्रावर बाहेरचे पर्यवेक्षक मागावेत. नाना उभे राहिले. "हे कागदावर गेलं की आपल्या शाळेचं नाव कायमचं जाईल. मेंबरबाई दोनदा नापास झाल्या, त्याचा राग शाळेवर काढतायत."

"दोनदा नापास झाले, हे खरं," सारिका म्हणाली. "दोन्ही वेळा माझ्या हातानं. नाना, तुम्ही शाळा बांधलीत, तेव्हा पत्रे डोक्यावरनं आणलेत. आता मास्तर आणायला आपण पायी पोलादपूरला जाऊ. मी येते तुमच्याबरोबर. पण खोट्या निकालावर ती शाळा उभी राह्यली तर तुम्ही गेल्यावर तिच्याबद्दल कोण चांगलं बोलेल?"

सरपंच हात वर करा म्हणाले, तेव्हा आधी कुणाचाच हात वर होईना. मग मागच्या रांगेतून ठमाबाईचा हात वर आला. ती सारिकाकडे बघत नव्हती, सरळ समोर बघत होती. तिच्यामागून बायांचे हात आले, ज्यांच्या पोरी त्या वर्षी दहावीला होत्या त्या बायांचे आधी. पुरुषांचे थोडे. पण ठराव मंजूर झाला.

दिवाळीनंतर दीपेश तासांवर शाळेत येऊ लागला, कारखान्याची पाळी बदलून. कायमचा मास्तर अजून आलेला नाही. सारिका दर महिन्याला पोलादपूरला जाऊन विचारते आणि तिथले कारकून आता तिला लांबून ओळखतात. एकदा नानाही तिच्यासोबत गेले. वाटेत बोलले नाहीत, पण साहेबांसमोर त्यांनीच आवाज चढवला.

पुढची निवडणूक जवळ आली आहे. नानांनी कळवलं, ह्या वेळी पॅनलमध्ये तुझं नाव नाय. सारिकानं निरोप पाठवला की तिचा अर्ज तिनं कालच तयार केलाय, पॅनलशिवायचा. मार्चला गणिताचा पेपर आहे, त्याचा फॉर्मही भरून झालाय. सकाळी गोठ्यातलं काम उरकलं की ती दीपेशच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसते, आणि त्यानं फळ्यावर काही मांडलं की सगळ्यांच्या आधी हात वर करते, बरोबर असो की चूक.